पाठीखालचा कापूस

गादी म्हटलं की आपल्या भाषेत आधी राजा आठवतो, झोप नंतर. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. १७३१ साली वारणेचा तह झाला आणि या दोन गाद्यांच्या हद्दी ठरल्या, असं आम्ही शाळेत पाठ केलं होतं. मठाला गादी असते, महाराजांना गादी असते, पुढाऱ्याच्या पोराला बापाची गादी मिळते. पेठेतल्या व्यापाऱ्याची तर गादी म्हणजेच दुकान. मी आण्णांबरोबर पहिल्यांदा आडतीत गेलो तेव्हा आडत्या पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसला होता आणि माल आणलेले शेतकरी समोर पोत्यांवर बसले होते. कापूस पिकवणारा पोत्यावर आणि विकत घेणारा कापसावर, यात तेव्हा कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

माझं वय आता पासष्टीला टेकलं. शिक्षण दहावी. गाव अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा आधी उस्मानाबाद, आता धाराशिव. लढाया, तह, वतनं यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. माणसं रात्री कशावर झोपत होती हे मात्र मला कुठं वाचायला मिळालं नाही. माणसाचं निम्मं नाही तरी तिसरा हिस्सा आयुष्य अंथरुणात जातं. म्हणून तेवढा इतिहास, आमच्या गावापुरता, लिहून ठेवतोय.

माझ्या लहानपणी घरात अकरा माणसं होती आणि गादी एकही नव्हती. घर अगदी गरीब होतं असंही नाही. कोरडवाहू का होईना पण जमीन होती, बैलजोडी होती, दुभतं होतं. पण गादी ही विकत घ्यायची वस्तूच नव्हती. कोण कुठं निजणार हे वयावरून, कामावरून आणि ऋतूवरून ठरायचं. आजोबा ओसरीवर बाजेवर. बाजेला अंबाडीच्या वाखाची दोरी. ती सैल पडली की पायथ्याकडून ताणून घ्यायची. आण्णा आणि चुलते उन्हाळ्यात माळवदावर, थंडीत गोठ्याच्या कडेला, बैलांच्या उबेला. बायका आणि लेकरं आत, शेणानं सारवलेल्या भुईवर. खळ्यावर राखणीला गेलं की खाली कडबा आणि वर घोंगडं.

घोंगडं म्हणजे धनगराच्या मेंढराची लोकर, सणगराचा माग आणि चिंचोक्याची खळ. नवं असताना अंगाला टोचायचं, चार-पाच वर्षं वापरलं की मऊ पडायचं. पावसात डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण, पाहुणा आला की बैठक. एकाच वस्तूची एवढी कामं. आमच्या अणदूरचा खंडोबासुद्धा बिऱ्हाड हलवणारा देव आहे. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदुरात असतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गाला मैलारपुरात. त्याला न्यायचं-आणायचं म्हणजे दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवच जिथं मुक्काम बदलतो तिथं माणसाचं अंथरूणही गुंडाळून काखेत मारता येईल असंच असणार.

वळकटी हा शब्द आता नातवंडांना समजावून सांगावा लागतो. मी जवाहर विद्यालयात शिकत होतो तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं गावात खोली करून राहायची. एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्या काखेत वळकटी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, तलावाच्या कामावर गेलेल्या माणसांच्या काखेतही तीच होती. मी तेव्हा बारा वर्षांचा. कामावर खायला सुकडी मिळायची आणि झोपायला उघडा माळ.

त्या वळकटीत असायची वाकळ. पुण्यामुंबईकडं तिला गोधडी म्हणतात. वाकळ शिवायचा मोसम ठरलेला. सुगी संपलेली, पेरणी अजून लांब, ऊन कडक. दुपारच्या वेळी भुईवर जुनं धोतर ताणून पसरायचं. त्यावर वर्षभर साठवलेल्या चिंध्या, फाटके सदरे, झबल्या-टोपड्यांचे तुकडे, पटक्याचा उरलेला भाग नीट जुळवून मांडायचा. वरून जुनं लुगडं. मग चार बाया चार कडांना बसायच्या आणि धावदोरा घालत आत सरकत यायच्या. बोलणं चालू, हात चालू. चौघींचे टाके मध्यावर येऊन भिडले की वाकळ झाली. हे आजीचं इरकल, ते थोरल्या चुलत्याचं लग्नातलं धोतर, असं बोट ठेवून सांगता यायचं.

आई म्हणायची, "दाट टाक्याची खाली, पातळ टाक्याची वर." म्हणजे अंथरायची वाकळ घट्ट पाहिजे, पांघरायची मऊ पाहिजे. अंथरूण कसं निवडावं याचं मला मिळालेलं पहिलं ज्ञान हेच. पुढं डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी जे सांगितलं ते याच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

आता या वाकळीत कापूस कुठून यायचा ते बघा. आमचा भाग निजामाचा आणि सोलापूर इंग्रजांचं. मधे थोडाच रस्ता, पण हद्दीवर निजाम सरकारची करोडगिरी. मालावर जकात भरल्याशिवाय गाडी पुढं जात नसे. १८६० साली सोलापूरला रेल्वे आली. १८७७ साली तिथं मोठी कापडगिरणी निघाली, तिला पुढं सगळे जुनी गिरणी म्हणू लागले. मागून लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघर माग घातले. आमच्या रानातला कापूस बैलगाडीनं आडतीत जायचा. तिथून त्याची सरकी निघायची, गाठी बांधल्या जायच्या, गिरणीत सूत व्हायचं आणि तोच कापूस धोतर-लुगडं होऊन बाजारात यायचा. तो आम्ही पैसे मोजून परत घ्यायचो. लुगडं आधी सणाला, मग रोजच्याला, मग रानात कामाला. फाटलं की त्याची धडुती लेकरांना. ठिगळालाही जागा उरली नाही की वाकळीत. स्वतःच्या रानातला कापूस स्वतःच्या पाठीखाली यायला दहा-बारा वर्षं लागायची, आणि तोवर तो दोन-तीन माणसांच्या अंगावर झिजलेला असायचा.

पण त्या झिजलेल्या कापसाची किंमत काय होती ते आण्णांच्या तोंडून ऐकलं. रझाकारांच्या काळात हद्दीवरच्या गावांतली माणसं रातोरात सोलापूरच्या बाजूला निघून गेली. आण्णा तेव्हा लहान होते. ते सांगायचे, "भांडी राहिली, धान्य राहिलं. आईनं लेकरं घेतली आन् वाकळा घेतल्या." मी विचारलं, वाकळाच का? तर म्हणाले, "भाकर कुणीबी देतंय रं. अंथरूण कोण देतंय?" १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य सोलापूरकडून याच रस्त्यानं नळदुर्गावर आलं, बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेतला, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. माणसं परत आली ती त्याच वाकळा घेऊन.

गावात गादी कुठंच नव्हती असं मात्र नाही. मोठ्या वाड्यांत होती. आणि सगळ्यांत मोठी गादी होती ती आमच्या आईची, तुळजाभवानीची. देवीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपदात, दसऱ्याचं सीमोल्लंघन झाल्यावर कोजागिरीच्या पुनवेपर्यंत, आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी. मिळून एकवीस दिवस. याला मंचकी निद्रा म्हणतात. या निद्रेसाठी गाद्यांचा कापूस नव्यानं तयार करतात. बाया बसून कापूस वेचतात, निवडतात, आणि तो पिंजायचा मान मुसलमान पिंजाऱ्याचा. दसऱ्याचा पलंग येतो नगरकडून, पालखी येते बुऱ्हाणनगरहून. लहानपणी मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडायची. महिषासुराशी लढून देवीसुद्धा दमते, आणि दमलेल्या बाईला पाठ टेकायला चांगली मऊ जागा पाहिजे, हे आमच्या माणसांना कळत होतं. फक्त ते देवळापुरतं कळत होतं. खुरपून आलेल्या बाईपर्यंत ते यायला फार वेळ लागला.

पिंजाऱ्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण तो आता दिसेनासा झाला. नदाफ हे आडनाव आपल्याकडं पुष्कळ आहे. अरबीत नदाफ म्हणजेच कापूस पिंजणारा. संत दादू दयाळ हेही पिंजारी होते अशी परंपरा आहे. दिवाळीनंतर पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून गावात यायचा. माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात. ते आढ्याला टांगायचं आणि डमरूसारख्या लाकडी मोगरीनं तातीवर ठोका मारायचा. तात थरथरायची, कापसाला धरायची आणि हवेत उडवायची. गुठळ्या सुटायच्या, कवडी-कचरा खाली पडायचा आणि बघता बघता गुडघाभर ढग तयार व्हायचा. त्याचा तो 'तुंई तुंई' आवाज ऐकला की आम्ही पोरं गोळा व्हायचो. पिंजाऱ्याच्या भुवया, मिशा, पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. दिवसभर तो तोच भुगा श्वासातून आत घ्यायचा. संध्याकाळी खोकायचा आणि गुळाचा खडा मागायचा.

मग गादीपाटाची खोळ शिवून तो त्यात कापूस भरायचा. एकट्याच्या गादीला आठ-दहा किलो. आत हात घालून कोपरे भरायचा, काठीनं झोडून सारखं करायचा आणि मग वीतभर अंतरावर टाके मारायचा. ते टाके नसले तर कापूस एका बाजूला पळतो आणि मधे खड्डा पडतो. त्यानं मला एक खूण शिकवली होती. मूठभर कापूस दाबायचा आणि सोडायचा. "जो परत वर येतो तो गादीचा. जो दबूनच ऱ्हातो तो वातीचा." आमचा जुना गावरान कापूस आखूड धाग्याचा आणि जाडाभरडा. गिरणीवाले त्याला कमी भाव द्यायचे, पण गादीला तोच चांगला, कारण तो चेपत नाही. १९७० साली संकरित कापूस निघाला, २००२ पासून बीटी आला. धागा लांब झाला, उतारा वाढला, आणि गादीचा कापूस रानातून गेला. आता आमच्या शिवारात कापूसच कमी. सोयाबीन, ऊस, द्राक्षं.

गादी सामान्य घरात आली ती झोपायला म्हणून नाही, आंदण म्हणून आली. सत्तर-ऐंशीच्या सालांत लग्नाच्या बोलीत 'गादी-पलंग' हे शब्द ऐकू येऊ लागले. आधी भांडी, मग कपाट, मग गादी-पलंग. मुलीच्या बापानं पिकावर उचल घ्यायची, नाहीतर जनावर विकायचं आणि गादी द्यायची. मांडवात ती सगळ्यांना दिसेल अशी मांडायची. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण एकमेकांना सांगतो, पण आंदणातलं अंथरूण बघून किती बापांचे पाय कर्जात गेले हे त्या म्हणीत नाही. आमच्या एका पाहुण्यानं असंच शहरातून तयार गादी विकत आणून लेकीला दिली. दोन वर्षांत तिला खळगे पडले. उसवून बघितली तर वर बोटभर कापूस आणि आत रंगीत चिंध्यांचा भुगा. लेकीनं बापाला ते सांगितलं नाही.

माझं लग्न १९८४ सालचं. माझ्या सासऱ्यांनी मात्र विकतची गादी दिली नाही. स्वतःच्या रानातला गावरान कापूस राखून ठेवला, पिंजारी घरी बसवला आणि डोळ्यांसमोर गादी भरून घेतली. निळ्या पट्ट्यांचा गादीपाट. दोन माणसांनी उचलावी एवढी जड. ती आमच्या घरी आली आणि आईनं तिची घडी घालून उतरंडीशेजारी ठेवली. पाहुणा आला की काढायची. त्या गादीवर जावई झोपले, व्याही झोपले, मुक्कामाला आलेले गुरुजी झोपले, आजारपणात आजोबा झोपले. जिच्या बापानं दिली ती भुईवर वाकळ टाकून झोपत राहिली. कुणी तिला मनाई केली नव्हती. सासू भुईवर निजते तिथं सुनेनं गादीवर कसं निजायचं? आणि आई का निजत नव्हती, तर तिची सासू निजली नव्हती.

मग भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. किल्लारी, सास्तूर, त्या सगळ्या पट्ट्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारो माणसं अंथरुणातच गेली. आमच्या भिंती फाटल्या पण उभ्या राहिल्या. त्यानंतर कितीतरी रात्री सगळं गाव अंगणात, रस्त्यावर, रानात झोपत होतं. पावसाची भुरभुर चालू. त्या दिवसांत पाहुण्यांची गादी आणि घरच्यांची वाकळ हा भेद मोडला. जे हाताला लागलं ते अंथरलं. मदतीचे ट्रक आले, त्यांतून देशभरातनं ब्लँकेटं, सतरंज्या, चादरी आल्या. आण्णा तेव्हा होते. एक ब्लँकेट हातात घेऊन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "अंथरूण देणारीबी माणसं असतात म्हणायची."

भूकंपानंतर गावोगाव माळवदं उतरली, पत्रा आला, स्लॅब आला. सारवलेली भुई जाऊन शहाबादी फरशी आली. या फरशीनं झोपेचा इतिहास बदलला, हे फारसं कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेणामातीची भुई थोडी तरी उबदार आणि दबणारी. फरशी हिवाळ्यात बर्फासारखी गार आणि बारा महिने टणक. तीच वाकळ, तेच शरीर, पण पाठी दुखायला लागल्या. मग लोखंडी कॉट आले आणि त्यांच्यावर टाकायला फोमच्या गाद्या.

फोम कशाचा असतो हे मी पोराला विचारून घेतलं. तो खनिज तेलातून काढलेल्या रसायनांचा. जर्मनीतल्या ओटो बायर नावाच्या शास्त्रज्ञानं १९३७ साली पॉलियुरेथेन शोधलं, त्यातून पुढं हा फोम निघाला. हल्ली दुकानात 'मेमरी फोम' म्हणतात तो १९६६ साली अमेरिकेच्या नासानं विमानाच्या आसनांसाठी तयार करवला. म्हणजे गादीसाठी तो जन्मलाच नव्हता. नारळाच्या काथ्याला रबराचं पाणी देऊन बनवलेली काथ्याची गादी वेगळी. ती टणक आणि हवेशीर. आपल्याकडं मात्र नावं भलतीच रूढ. रबराची असो की फोमची, सगळी 'डनलॉप', आणि काथ्याची कुणाचीही असली तरी 'कर्लऑन'. पिंजाऱ्याची धनुकली गेली आणि टेम्पोवर बसवलेलं पिंजायचं यंत्र हायवेच्या कडेला उभं राहू लागलं. जुन्या पिंजाऱ्यांची पोरं कुणी गॅरेजात गेली, कुणी पुण्याला. खोकला तेवढा गेला, हे बरंच झालं.

गेल्या वर्षी आमच्या घरी नवी गादी घ्यायचं ठरलं. कारण मंडळींची कंबर. चाळीस वर्षं वाकून खुरपणं, वाकून काढणी, वाकून सारवणं. डॉक्टरांनी सांगितलं, "फरशीवर झोपणं बंद करा." ती म्हणाली, "म्या काय पाव्हणी हाय का गादीवर झोपायला?" त्यावर सूनबाई म्हणाली, "आत्या, देवी एकवीस दिवस झोपते, तुम्ही रोज झोपा." तेव्हा कुठं ती तयार झाली.

सोलापुरात दुकानात गेलो. दुकानदारानं सात-आठ प्रकार दाखवले आणि म्हणाला, "झोपून बघा." आता चार परकी माणसं, दोन पोरं कामाला, आणि साठीतल्या बाईनं सगळ्यांसमोर आडवं व्हायचं? ती नुसती काठावर टेकून हातानं दाबत राहिली आणि "चांगली हाय, चांगली हाय" म्हणत राहिली. दुकानदार माझ्याकडं बघून डेन्सिटी, वॉरंटी, इंच असं सांगत होता. मीही आडवा होऊन बघितलं. मला सगळ्यांत मऊ होती ती आवडली. पण कंबर माझी नव्हती दुखत. शेवटी सूनबाईनं दुकानदाराला सांगितलं, "दहा मिनिटं तुम्ही सगळे बाहेर थांबा. आण्णा, तुम्हीबी." आम्ही पुरुष रस्त्यावर उभे राहिलो. आत दोघींनी काय केलं ते नंतर कळलं. सासूला एकेका गादीवर कुशीवर निजवलं, मग पाठीवर निजवलं आणि कंबरेखाली हात घालून बघितलं. हात सहज आरपार जात असेल तर गादी फार टणक, कंबर अधांतरी राहते. हात जातच नसेल तर फार मऊ, कंबर रुतते. हात थोडा अडकून गेला पाहिजे. उठताना हाताचा आधार न घेता उठता आलं पाहिजे. काठावर बसल्यावर तळपाय जमिनीला टेकले पाहिजेत.

सूनबाईनं हे डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. स्पेनमध्ये ३१३ कंबरदुखीच्या माणसांना तीन महिने वेगवेगळ्या गाद्यांवर झोपवून बघितलं होतं, आणि २००३ साली ते 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या साप्ताहिकात छापून आलं. अगदी टणक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपलेल्यांची दुखणी जास्त कमी झाली. आपल्याकडं अजून पुष्कळजण सांगतात की पाठ दुखते तर फळीवर झोपा. ते सगळ्यांना लागू नाही. आईचा दाट टाका आणि पातळ टाका मला तिथं आठवला.

मंडळींनी निवडली ती काथ्याची, मधल्या टणकपणाची. सगळ्यांत महाग नव्हे. फोम तिनं नको म्हटलं, कारण दहा मिनिटांत पाठ तापली, आणि आमच्याकडं चैत्र-वैशाखात रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. फक्त वरून थोडी कडक लागते, त्यावर पातळ काहीतरी पाहिजे, असं तिचं म्हणणं. दुकानदार म्हणाला, वरून टाकायला फोमचा थर आहे, वेगळे पैसे पडतील. ती म्हणाली, "घरी हाय माझ्याकडं."

घरी येऊन तिनं चाळीस वर्षांपूर्वीची निळ्या पट्ट्यांची गादी काढली. चेपून फळीसारखी झालेली, वरचा गादीपाट विरलेला. उसवली. वरचा थर पिवळा पडलेला, पण आतला कापूस मूठभर घेऊन दाबला आणि सोडला तर हळूहळू वर आला. नळदुर्गाला यंत्रावर पिंजून घेतला. कचरा आणि भुगा जाऊन निम्म्याला थोडा जास्त उरला. त्याची दोन बोटं जाडीची पातळ गादी भरून घेतली, टाके जवळजवळ मारायला लावले. सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या रानात आज ऊस आहे. तो कापूस पुन्हा कुठं पिकणार नाही.

ज्यांना गादी घ्यायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. ज्याची पाठ आहे त्याला दुकानात न्या, आणि ती बाई असेल तर तिला आडवं होऊन बघायला आडोसा आणि वेळ द्या. घडीव गादी घ्या की पिंजलेली, आत काय आहे ते विचारा, उसवून दाखवत असेल तर बघा. कापसाची असेल तर महिन्याला ऊन द्या आणि दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्या. जुनी गादी असेल तर फेकण्याआधी आतला कापूस मुठीत दाबून बघा. आणि घरातली चांगली गादी पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. पाहुणा एक रात्र झोपतो.

नव्या गादीवर पहिल्या रात्री मंडळी झोपली. सकाळी मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाली, "चांगलं हाय. पण दोन गाद्यांनी कॉट उंच झाला, पाय टेकत न्हाईत. वेल्डिंगवाल्याला बोलवा, चार बोटं कापू द्या."

वेल्डिंगवाला येऊन गेला. आता पाय टेकतात.